सातारा–कराड एसटीत वेग वाढवून ऐकताना

मागच्या पावसाळ्यापासून कामासाठी सातारा–कराड जाता-येता मी ऑडिओबुक, पॉडकास्ट आणि यूट्यूबवरची व्याख्यानं वेग वाढवून ऐकतेय. आता ठामपणे सांगते, एकच वेग सगळ्याला लावायचा नाही. कोण बोलतंय आणि काय सांगतंय, यावर तो ठरवायचा.

आधी हिशेब. १० तासांचं पुस्तक १.२५ वर ८ तासांत संपतं, १.५ वर ६ तास ४० मिनिटांत, २ वर ५ तासांत. म्हणजे पहिल्या पावपटीतच पूर्ण २ तास हाती लागतात. दीडवरून दोनवर जाऊन १ तास ४० मिनिटंच वाचतात आणि कान मात्र शिणतात. म्हणून माझा मुक्काम बहुतेक १.२५ ते १.५ च्या दरम्यान असतो.

कॅसेट जोरात पळवली की आवाज चिरका व्हायचा, तसं आता होत नाही. ॲप आवाजाचे अगदी बारीक तुकडे करतं, काही गाळतं आणि उरलेले एकमेकांवर थोडे चढवून जोडतं. त्यामुळे भारदस्त आवाज भारदस्तच राहतो. अडचण येते ती शब्दांच्या टोकांना.

आणि मराठीत सगळा जीव टोकालाच असतो! ‘मुदत वाढवली’ की ‘मुदत वाढवली नाही’, हे शेवटच्या शब्दावर ठरतं. निवेदक वाक्य संपवताना आवाज खाली आणतो, नेमका तिथेच तो शब्द निसटतो. आकड्यांचं तर विचारूच नका. साताऱ्याच्या इतिहासावरचं व्याख्यान घ्या. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी पदच्युत केलं १८३९ मध्ये आणि राज्य खालसा केलं १८४८ मध्ये. पावणेदोनच्या वेगात ‘एकोणचाळीस’ आणि ‘अठ्ठेचाळीस’ या दोन्हींचं फक्त ‘चाळीस’ कानात उरतं. सनावळ्या असलेलं काहीही मी १.२५ च्या वर नेत नाही.

उलट फळ्यावर लिहीत, प्रत्येक मुद्दा दोनदा सांगणारे शिक्षक १.७५ वरही छान कळतात. मुलाखतींना दीड पुरतो.

कथा मात्र १ वरच, फार तर १.१. कसलेला वाचक वाक्याआधी थांबतो ते काही सांगण्यासाठीच. शांत जागा गाळणारी सोय मुलाखतींना उपयोगी, पण कथेला लावली की माणदेशी बोलीतला संवाद सपाट होऊन जातो. गावाकडचं बोलणं हेल आणि विरामांवर उभं असतं, ते काढलं तर ऐकण्यासारखं काय राहिलं?

गाडीचाही विचार करावा लागतो. नागठाणे-अतीतच्या पट्ट्यात खिडक्या खडखडायला लागल्या की मी आवाज न वाढवता वेग पावपट कमी करते. कानालाही ते बरं.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी ०.१ ने चढत जावं, प्रत्येक टप्प्यावर आठवडाभर राहावं. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजला १ नंतर थेट १.५ आणि २ आहे, मामींच्या लांबलचक निरोपाला तेवढं चालतं. पुस्तकांसाठी मात्र वेग बारीक पायऱ्यांनी बदलता येणारं आणि प्रत्येक पुस्तकाचा वेग वेगळा लक्षात ठेवणारं ॲप घ्या. नाहीतर व्याख्यान संपवून कथा लावली की ती १.७५ वरच पळत सुटते, आणि गर्दीत उभं राहून, एका हाताने दांडा धरून सेटिंग शोधत बसावं लागतं.