तांब्या-पितळेच्या दुकानासाठी व्हॉट्सॲप बिझनेस आणि इन्स्टाग्राम : अनेक महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कसबा पेठेत तांबट आळीजवळ आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान आहे. गेल्या गुढीपाडव्यापासून आम्ही व्हॉट्सॲप बिझनेस आणि इन्स्टाग्राम ही दोन्ही माध्यमे ग्राहकांशी बोलण्यासाठी नेमाने वापरत आहोत. व्हॉट्सॲप बिझनेस 2018 च्या जानेवारीत आले आणि ते मोफत असल्यामुळे अनेक दुकानदारांच्या फोनमध्ये ते असते. मात्र सणाच्या शुभेच्छा आणि सवलतीची चित्रे पाठवण्यापलीकडे त्याचा उपयोग फारसा होत नाही. माझ्या मते त्याचे खरे मोल विक्री झाल्यानंतर कळते.

तांब्याचे भांडे घरी गेल्यावरच शंका सुरू होतात. भांडे काळवंडले म्हणजे खराब झाले का, ते चिंचेने घासावे की लिंबू-मिठाने, पितळी पातेल्यात आमटी केली तर चालेल का, असे प्रश्न विचारायला पूर्वी कोणी मुद्दाम पेठेत येत नसे आणि भांडे मुकाट्याने माळ्यावर जात असे. आता ग्राहक फोटो पाठवतात. डाग नुसता पाण्याचा आहे, ओल राहिल्यामुळे हिरवट थर चढला आहे, की आतली कल्हई उडाली आहे, हे त्यावरून बरेचसे ओळखता येते. कल्हई उडाली असेल, तर आंबट पदार्थ त्यात कळकतो, म्हणून आधी कल्हई करून घ्या, असे आम्ही स्पष्ट कळवतो. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे क्विक रिप्लायमध्ये साठवली आहेत, पण ती जशीच्या तशी पाठवत नाही; ग्राहकाच्या भांड्याबद्दलचे एखादे वाक्य त्यात आवर्जून घालतो. आपोआप जाणारा स्वागताचा संदेश मात्र आम्ही बंद केला, कारण घाईने प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तो कोरडा वाटतो.

इन्स्टाग्रामवर वस्तूखाली कोणी किंमत विचारली की ‘मेसेज करा’ असे लिहिण्याची पद्धत पडली आहे. ती मला मुळीच पटत नाही. किंमत सांगायला आडपडदा कशाला? आम्ही वजन, माप आणि किंमत तिथेच सर्वांसमोर लिहितो, त्यामुळे पुढची बोलणी मोकळेपणाने होतात.

दिवाळीच्या सुमारास कोथरूडच्या एका ताईंनी आमच्या घंगाळाच्या चित्राखाली तक्रार लिहिली. कुरिअरने पाठवलेल्या त्यांच्या घंगाळाचा काठ वाटेत चेपला होता आणि सोबत फोटोही होता. ती प्रतिक्रिया काढून टाकावी, असे दुकानातल्या काहींचे म्हणणे होते. आम्ही तिच्याखालीच दिलगिरी व्यक्त केली, घंगाळ परत मागवले, कारागिराकडून काठ सरळ करून त्यावरचे माठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, पुन्हा ठोकून घेतले आणि त्या कामाचे चित्रण ताईंना पाठवले. ते त्यांनी स्वतःच आपल्या मैत्रिणींना दाखवले. पुढे त्यांच्यापैकी काही जणी दुकानात आल्या, तेव्हा भावापेक्षा भांडे कसे ठोकतात याचीच चौकशी अधिक करत होत्या.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या काही मर्यादा आधीच जाणून घ्याव्यात. एकच संदेश एका वेळी अनेकांना पाठवण्याच्या एका ब्रॉडकास्ट यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे, त्यांनाच तो संदेश मिळतो. मला ही अट योग्य वाटते, कारण ज्यांना आपले बोलणे हवे आहे, त्यांच्यापर्यंतच ते जाते. संभाषणांची वर्गवारी करण्यासाठीची लेबले वीसच करता येतात, म्हणून ती ग्राहकांच्या नावाने न करता ‘कल्हईसाठी आलेले’, ‘रुखवताची मागणी’, ‘दुरुस्ती चालू’ अशी कामाच्या टप्प्यांप्रमाणे करावीत. मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणे जोडता येतात, पण एकाच ग्राहकाला दोघांनी वेगवेगळे भाव सांगू नयेत, यासाठी ज्याने संभाषण सुरू केले त्यानेच ते पूर्ण करायचे आणि शेवटी आपले नाव लिहायचे, असा नियम आम्ही घालून घेतला आहे. ग्राहकही आता त्याच नावाने विचारणा करतात.