लिब्रिवॉक्स : जुन्या रहस्यकथा ऐकण्यासाठी हक्काची जागा

शेरलॉक होम्स इंग्रजीतून ऐकायचा असेल तर कुठल्याही ॲपची वर्गणी भरू नका. आधी लिब्रिवॉक्सवर जा. एडगर ॲलन पो, विल्की कॉलिन्स, चेस्टरटन, चेकॉव्ह, मोपासाँ, ओ. हेन्री ही सगळी मंडळी तिथं आहेत. पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही, साइटवर जाहिराती नाहीत. ह्यू मॅग्वायर यांनी 2005 च्या ऑगस्टमध्ये माँट्रियलहून हे काम सुरू केलं. ज्या पुस्तकांचा कॉपीराइट संपलाय ती जगभरातल्या हौशी लोकांनी घरी बसून मोठ्यानं वाचायची, रेकॉर्ड करायची आणि ते रेकॉर्डिंगही सगळ्यांसाठी मोकळं सोडायचं, एवढीच कल्पना. पहिलं पुस्तक होतं जोसेफ कॉनरॅडचं 'द सीक्रेट एजंट'. आज तिथं इतकी पुस्तकं आहेत की एका आयुष्यात ऐकून होणार नाहीत.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर प्रुफं वाचल्यावर संध्याकाळी डोळे छापील अक्षराला नकोच म्हणतात, पण गोष्टीची भूक तशीच असते. त्यातून ऐकायला लागले. या साइटवर माझा जीव जडला त्याचं एक कारण माझ्या धंद्यातलं आहे. तिथं प्रत्येक रेकॉर्डिंगचं 'प्रूफ' ऐकलं जातं. वाचणारा एक आणि तपासणारा दुसरा. वाक्य दुबार आलंय का, ओळ गाळली गेलीय का, मध्येच लांबलचक शांतता राहिलीय का, आवाज फार बारीक आहे का, हे तो तपासणारा बघतो आणि चूक कितव्या मिनिटाला कितव्या सेकंदाला आहे ते लिहून कळवतो. वाचणारा तेवढा तुकडा पुन्हा वाचून जोडतो. हे सगळं बिनपगारी चालतं! आमच्याकडे पगार घेऊनही तिसरं प्रूफ बघायला कुणी तयार नसतं, म्हणून मला या माणसांचं फार अप्रूप वाटतं.

पण तपासणारा वाचण्याच्या शैलीबद्दल चकार शब्द काढत नाही. हेल कसा आहे, उच्चार अमेरिकी आहेत की स्कॉटिश, भावना ओतल्यात की सपाट वाचलंय, यात कुणी लुडबुड करायची नाही, हा तिथला ठरलेला रिवाज आहे. ज्याला वाचावंसं वाटतं त्याला वाचू द्यायचं. त्यामुळे एखादा आवाज असा लागतो की रात्रीचे बारा वाजले तरी बंद करवत नाही, आणि एखादा दोन मिनिटांत नकोसा होतो. मला हा रिवाज मान्य आहे. ऐकणाऱ्यानं मात्र निवड करायला शिकायला हवं.

निवडायचं कसं ते सांगते. गाजलेल्या पुस्तकांची तिथं एकाहून जास्त रेकॉर्डिंग्ज असतात. होम्सच्या कथासंग्रहांचीही आहेत. पुस्तकाच्या पानावर एकूण वेळ, प्रत्येक प्रकरण कुणी वाचलंय आणि वाचन एकट्याचं आहे की गटाचं, हे दिलेलं असतं. रहस्यकथेला एकट्याचं वाचन घ्या. गटाच्या वाचनात दर प्रकरणाला आवाज बदलतो. कालपर्यंत लंडनचा वाटणारा, होम्सची गोष्ट सांगणारा त्याचा मित्र वॉटसन आज टेक्ससचा होतो आणि गोष्टीची पकड सुटते. तिसरा प्रकार नाट्यवाचनाचा, प्रत्येक पात्राला वेगळा माणूस. तो आपल्या श्रुतिकांच्या जवळचा आहे, पण हे लोक वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या माइकवर रेकॉर्ड करतात आणि नंतर जोडकाम होतं, त्यामुळे संवाद एका खोलीत चाललाय असं वाटत नाही. एखादा आवाज आवडला की त्याच्या नावावर टिचकी मारा, त्यानं वाचलेलं सगळं समोर येतं. मी आता लेखक बघून कमी आणि आवाज बघून जास्त निवडते.

आपण मराठी माणसं कथा ऐकण्यात मुरलेली आहोत. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार या तिघांनी गावोगाव कथाकथन करून तो कान तयार करून ठेवलाय. तिथं सांगणारा समोरच्या श्रोत्यांकडे बघत कथा रंगवतो. लिब्रिवॉक्सवरचं वाचन तसं नाही. तिथं माणूस पुस्तक समोर धरून, शब्दाला शब्द लावून वाचतो. रहस्यकथेला हेच मानवतं, कारण तिथं एखादा धागा क्रियाविशेषणात लपवलेला असतो आणि सांगणाऱ्यानं ते वाक्य आपल्या मनानं बदललं तर गोष्टच फसते.

सुरुवातीच्या रहस्यकथा ऐकायला लागल्यावर लक्षात आलं की त्यांच्यात कानाला केवढं काम आहे! पोची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' 1841 च्या एप्रिलमध्ये छापून आली. डिटेक्टिव्ह कथेचा आरंभ तिथून धरतात. पॅरिसमधल्या एका बंद खोलीत खून झालाय आणि जिन्यावरून धावत वर गेलेल्या लोकांनी आतून दोन आवाज ऐकलेत. एक घोगरा, फ्रेंच बोलणारा, त्यावर सगळ्यांचं एकमत. दुसरा चिरका. फ्रेंच शिपाई म्हणतो, तो स्पॅनिश बोलत होता. डच साक्षीदाराला तो फ्रेंच वाटला. इंग्रज शिंपी म्हणतो जर्मन, स्पॅनिश माणूस म्हणतो इंग्रजी, आणि इटालियनाची खात्री की ती रशियनच. प्रत्येकानं आपल्याला न येणाऱ्या भाषेचं नाव घेतलंय. छापील पानावर मी या जबान्या भराभर वाचून पुढं गेले होते. ऐकताना एकामागून एक त्या कानावर पडल्या आणि पाचव्या साक्षीदारापर्यंत अंगावर काटा आला. या कथेचा पहिला भाग विश्लेषणशक्तीवरच्या जड चर्चेचा आहे, तेवढा कळ काढून ऐका. पुढं कोडं सोडवणाऱ्या द्युपाँचं बोलणं सुरू झालं की भाजी निवडता निवडता हात थांबतात.

'द स्पेकल्ड बँड' ही 1892 ची होम्सकथाही अशीच. स्टोक मोरनच्या वाड्यात होम्स आणि वॉटसन दिवा मालवून अंधारात बसलेत. बोलायचं नाही, हलायचं नाही. गावातल्या घड्याळाचे पावपाव तासाचे ठोके लांबून ऐकू येतात. बारा वाजतात, एक, दोन, तीन. मग किटलीतून वाफ सुटावी तसा एक बारीक आवाज. पुढचं सांगत नाही. ही कथा दिवे मालवून, इअरफोन लावून ऐका आणि वाचणारा शांत आवाजाचा निवडा. जो इथं आवाज चढवतो त्याला कथा कळलेली नसते.

अर्नेस्ट ब्रामाचा मॅक्स कॅराडोस आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. 1914 च्या पहिल्या संग्रहातला हा गुप्तहेर आंधळा आहे. पहिल्याच कथेत एक खाजगी तपासनीस त्याच्याकडे येतो, तो नाव बदलून वावरणारा त्याचा जुना शाळासोबती निघतो, आणि कॅराडोस त्याला आवाजावरून ओळखतो. कथा ऐकताना आपणही त्याच्यासारखेच असतो, आपल्याला फक्त ऐकू येतंय. हा आनंद पुस्तक वाचून मिळत नाही.

आमच्या बाबांची नजर आता अधू झालीय. त्यांनी हयातभर बाबूराव अर्नाळकर वाचले, काळा पहाड आणि झुंजार त्यांचे खास. संध्याकाळी आम्ही फोन टेबलावर ठेवून बरोबर ऐकतो. त्यांची सवय अशी की उकल जवळ आली की हात वर करतात. "अगं, थांबव जरा. मला सांगू दे." जॅक फ्यूट्रेलच्या 'द प्रॉब्लेम ऑफ सेल 13' ला तर दोन दिवस थांबवलं होतं. प्राध्यापक व्हॅन ड्यूसन पैज लावतो की तुरुंगाच्या कोठडीत कोंडा, आठवड्यात बाहेर येऊन दाखवतो. बरोबर काय हवं? दातांची पावडर, पॉलिश केलेले बूट आणि थोड्या नोटा. बाबांनी बुटाच्या पॉलिशवरून अर्धं ताडलं! 1905 साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात ही कथा रोज थोडी थोडी छापली गेली आणि उकल ओळखणाऱ्या वाचकांना बक्षीस लावलं होतं, म्हणजे ती थांबूनच ऐकायची कथा आहे. फ्यूट्रेल पुढं 1912 मध्ये टायटॅनिकबरोबर बुडून गेला. हे ऐकल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

बॅरोनेस ऑर्झीच्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याच्या कथाही अवश्य ऐका. लंडनच्या एका चहाच्या दुकानात बसून तो दोरीच्या तुकड्याला गाठी मारत आणि सोडवत एका तरुण बातमीदार बाईला पोलिसांना न उलगडलेली प्रकरणं उलगडून सांगतो. सगळी कथा बोलण्यातून पुढं सरकते, त्यामुळे कुठंही धागा सुटत नाही.

मोठं काही ऐकायचं तर विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन', 1868 ची. वीस तासांच्या वर जाते. 1799 मध्ये टिपू पडला तेव्हा श्रीरंगपट्टणमहून लुटलेला हिरा, त्याच्या मागावर असलेले तीन ब्राह्मण, इंग्लंडमधलं एक घर आणि एका रात्रीत हिरा गायब. वेगवेगळी माणसं आळीपाळीनं हकिकत सांगतात. म्हातारा कारभारी बेटरेज आणि धर्माची पत्रकं वाटत फिरणारी मिस क्लॅक यांचा सूर एकमेकांपासून इतका लांबचा आहे की माझा वरचा नियम मी इथं मोडते. या कादंबरीला गटाचं वाचन चालतं.

एक सांगायला हवं. ही पुस्तकं जशी छापली गेली तशीच वाचली जातात, काही गाळत नाहीत. 'द साइन ऑफ फोर' या होम्सच्या कादंबरीत आग्र्याच्या किल्ल्यातला 1857 चा खजिना येतो तिथवर ठीक, पण अंदमानच्या टोंगा या आदिवासी माणसाचं वर्णन आज ऐकताना संताप येतो. मुलांबरोबर ऐकणार असाल तर तिथं थांबून बोला. गाळावं असं मी म्हणणार नाही. मुळाबरहुकूम ठेवणं हे माझं रोजचं काम आहे आणि तेच बरोबर वाटतं.

लघुकथांसाठी तिथं क्रमांक दिलेले मिश्र संग्रह आहेत. वाचणारे आपापल्या आवडीची कथा निवडून त्यात भर घालतात. कुठं साकी, कुठं डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जची 'द मंकीज पॉ'. पुढची कथा काय निघेल याचा नेम नसतो, यातच मजा. चेकॉव्हची टांगेवाल्याची कथा शोधून ऐका, 1886 ची. टांगेवाल्या आयोनाचा मुलगा वारलाय आणि हे दुःख तो दर गिऱ्हाइकाला सांगू बघतो. एक लष्करी अधिकारी येतो, मग दंगा करणारे तिघे तरुण येतात, कुणी पुरतं ऐकून घेत नाही. शेवटी तो घोडीशी बोलतो. ही कथा एखाद्या अनोळखी माणसाच्या आवाजात, आपण काही न बोलता ऐकत असताना जी होते ती वाचताना झाली नव्हती.

आता व्यवहाराचं. साइटवरून फाइल उतरवून घ्या. 64 केबीपीएसची फाइल तासाला साधारण 29 एमबी घेते, बोलण्याला ती पुरते. इंटरनेट आर्काइव्हवर 128 ची मिळते, जागा दुप्पट. याच नावानं मिळणारी काही ॲप्स त्रयस्थ लोकांनी बनवलेली आहेत आणि त्यांत जाहिराती असू शकतात, तेवढं बघून घ्या. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला 'हे लिब्रिवॉक्सचं रेकॉर्डिंग आहे' असं तेच निवेदन येतं, साठ प्रकरणांच्या कादंबरीत ते साठ वेळा ऐकावं लागतं.

कॉपीराइट अमेरिकेच्या कायद्यानं बघितला जातो. तिथं या काळातल्या पुस्तकांना प्रकाशनापासून 95 वर्षं संरक्षण असतं, म्हणून 2023 पासून होम्सच्या साठही कथा-कादंबऱ्या मोकळ्या झाल्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. होम्सचे लेखक डॉइल 1930 मध्ये गेले, त्यांचा प्रश्न नाही. अगाथा ख्रिस्ती 1976 मध्ये गेल्या, तेव्हा त्यांची 1920 ची पहिली कादंबरी तिथं दिसली तरी भारतात ती अजून मोकळी नाही. आपल्या देशाचा कायदा आपण तपासावा, असं साइट स्वतःच सांगते.

मनाला लागतं ते एकच, भारतीय भाषांचं तिथलं प्रमाण फार थोडं आहे. इंग्रजीखेरीज जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश भरपूर. मराठीला दार बंद नाही. एक मिनिटाचं चाचणी रेकॉर्डिंग पाठवायचं, साधा माइक आणि ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं, पण त्याच भाषेतला तपासणारा लागतो. हरि नारायण आपटे 1919 मध्ये गेले, त्यांच्या स्फुट गोष्टी दोन्ही देशांच्या कायद्यात बसतात. कुणी खणखणीत आवाजाचं माणूस वाचायला तयार असेल तर खाली लिहा. पुस्तक समोर धरून ओळ न ओळ तपासून द्यायची जबाबदारी माझी.