साथ लवकर कळायला काय बरं पडतं: दवाखान्याचे रिपोर्ट, सांडपाण्याची तपासणी की मोबाईल अॅप?

नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आरोग्याचं बघणाऱ्यांना बजेटच्या वेळी हे ठरवावंच लागतं, म्हणून तिन्ही शेजारी ठेवून बघूया, आणि माझ्यासाठी मेन प्रश्न एकच, साथ पकडायला पेशंटचं नाव खरंच लागतं का आणि लागलंच तर ते किती जणांच्या हातात जातं.

दवाखान्याचे रिपोर्ट म्हणजे 2004 ला सुरू झालेली आयडीएसपी, रोगांवर लक्ष ठेवणारी सरकारी योजना. एस फॉर्म उपकेंद्रातल्या सिस्टर लक्षणांवरून भरतात, पी फॉर्म डॉक्टर, एल फॉर्म लॅब. आधी आठवड्याचे आकडे वर जायचे, 2021 पासून आयएचआयपी या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर एकेका पेशंटची नोंद जाते, म्हणजे वेग वाढला पण नाव, वय, पत्ताही सोबत गेला. याच्यात खरी किंमत आहे ती डॉक्टरच्या नजरेची. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी भागात हातापायातली ताकद गेलेले पेशंट एकदम वाढले ते दवाखान्यांतच लक्षात आलं. तो आजार जीबीएस (गिलन-बारे सिंड्रोम), आणि सांडपाण्यात तो सापडलाच नसता, कारण तो जंतू नाही, इन्फेक्शननंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते.

नावं फुटतात ती मात्र बऱ्याचदा पोर्टलच्या बाहेर. कोणीतरी एक्सेलची यादी व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतं, झालं. मार्च 2020 मध्ये तर बंगळुरूत क्वारंटाइनमधल्या लोकांचे पत्ते सरकारनंच जाहीर केले होते. आणि नाव खोडून भागत नाही, लहान गावात "वय 34, गरोदर, खालची आळी" एवढ्यावर अख्खं गाव ओळखतं. मग पुढच्या वेळी लोक टेस्ट टाळतात, खोटा नंबर देतात, आणि साथ कागदावर दिसतच नाही.

सांडपाण्याचं उलट आहे. हजारो घरांचं पाणी एकत्र, नाव कुणाचंच नाही, आणि दवाखान्यात न गेलेले लोकही मोजले जातात. मुंबईत पोलिओसाठी 2001 पासून हे चालू आहे, ते फार उपयोगी, कारण पोलिओची लागण झालेल्या बहुतेकांना काहीच लक्षणं नसतात. पण जो जंतू शोधाल तोच सापडतो, पीसीआरचा (जंतूचा अंश शोधणाऱ्या लॅब टेस्टचा) खर्च आहे, आणि जिथे भुयारी गटार नाही, घरोघरी सेप्टिक टँक आहेत तिथे सॅम्पल घेणार कुठून? आणखी एक, एकाच हॉस्टेलच्या किंवा बिल्डिंगच्या चेंबरमधून सॅम्पल घेतलं की बोट थेट तिथल्या लोकांकडे जातं, म्हणून ते टाळाच.

अॅपवर मी पैसे घालणार नाही. कोरोनाच्या पेशंटजवळ कोण कोण आलं होतं हे शोधणारं आरोग्य सेतू 2 एप्रिल 2020 ला आलं, ब्लूटूथ आणि जीपीएस दोन्ही मागायचं, पण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते हिशोबातच नाहीत, आणि ब्लूटूथला मधली भिंत कळत नाही. सिंगापूरमध्ये असाच डेटा गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना मिळू शकतो हे जानेवारी 2021 मध्ये बाहेर आलं आणि लोक खूप नाराज झाले. जर्मनीच्या अॅपमध्ये कोण कोणाजवळ होतं हे फोनमध्येच राहायचं, ते जास्त बरं, पण तेवढं काम छोट्या नगरपालिकेच्या आवाक्यातलं नाही.

तेव्हा पहिला पैसा रिपोर्टिंगवर घाला, खाजगी दवाखान्यांनाही त्याच्यात जोडून घ्या, आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र असेल तर दुसरा तिथे. नावाची यादी फक्त घरी भेटीला जाणाऱ्या सिस्टर आणि आरोग्य अधिकाऱ्यांकडे ठेवा, नगरसेवकांना नुसता वॉर्डचा आकडा द्या, आणि तो पाचच्या खाली असेल तर दोन-तीन वॉर्ड एकत्र करून सांगा.