ईपीपी की बाल्सा? उतारावरच्या पहिल्या ग्लायडरची निवड

घरी बांधून कड्यावरून उडवायचा रेडिओ-नियंत्रित ग्लायडर म्हटलं की निवड बहुतेक वेळा दोन गोष्टींपाशी येऊन थांबते. एक म्हणजे ईपीपी (फुगवलेलं पॉलिप्रॉपिलीन) फोमची, मागे वळलेल्या पंखांची, बिनशेपटीची फ्लाइंग विंग. दुसरा म्हणजे बाल्सा या हलक्या लाकडाच्या रिबांचा (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांचा), शेपटीवाला, दोन मीटरच्या आतबाहेरचा ग्लायडर. साच्यातून काढलेले फायबरग्लासचे ग्लायडर वेगळ्या जातीचे, ते इथे धरत नाही. मी दोन्ही बांधले आहेत आणि दोन्ही एकाच धारेवरून, साधारण सारख्याच वाऱ्यात उडवले आहेत. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. पण तुमचा डोंगर वेगळा असेल, उतरायची जागा वेगळी असेल, तेव्हा माझी कारणं तुमच्या जागेशी ताडून पाहा.

आधी ईपीपीचं श्रेय ईपीपीला. हा फोम दाबला की दबतो आणि सोडला की बराचसा परत फुगतो. झाडात अडकला, दगडावर आपटला, नाकावर उभा राहिला, तरी उचलायचा, माती झटकायची आणि परत फेकायचा. उतारावर याची किंमत सपाट मैदानापेक्षा कितीतरी जास्त आहे. कड्यावर आदळून वर चढणारा वारा धारेच्या समोर उचल देतो, पण धारेच्या मागे तोच वारा गोल फिरून खाली कोसळतो. आपण उतरायला जातो ते नेमके त्या गुंडाळीच्या आसपास. त्यामुळे शिकाऊ माणसाचं उतरणं म्हणजे बहुतेकदा आपटणंच असतं. ‘पहिला ग्लायडर ईपीपीचाच घे’ हा सल्ला जगभर दिला जातो तो याच कारणासाठी, आणि तो काही खोटा नाही.

वजनाबद्दल मात्र एक गैरसमज आहे. नेहमीचा ईपीपी घनमीटरला २० किलोच्या आसपास भरतो आणि हलका बाल्सासुद्धा १०० च्या आसपास असतो, म्हणून फोमची विंग हलकी होणार असं वाटतं. पण फोमचा पंख आतून भरीव असतो आणि बाल्साचा बराचसा पोकळ. त्यातून फोमला स्वतःचा ताठपणा नाही. कार्बनच्या कांड्या, आडव्यातिडव्या तंतूंच्या टेप, वरून रंगीत टेप किंवा लॅमिनेटिंग फिल्म आणि हे सगळं चिकटावं म्हणून आधी मारलेला स्प्रेचा गोंद, एवढा साज चढवल्यावर हातात येणारी विंग बाल्साच्या ग्लायडरइतकीच भरदार लागते. पॉलिप्रॉपिलीनला कुठलाही गोंद मनापासून धरत नाही, हे तिथेच पहिल्यांदा जाणवतं.

बांधणीच्या वेळेत तुलनाच नाही. साचे तयार असतील तर तापलेल्या नायक्रोम तारेने ईपीपीचे दोन्ही पंख एका संध्याकाळी कापून होतात आणि आठवडाअखेरीस विंग उडायला तयार. बाल्साला बोर्ड लागतो, टाचण्या लागतात, नकाशावर पसरायला प्लॅस्टिक लागतं, रिबांची चळत घासून सारखी करावी लागते. कित्येक संध्याकाळी त्यात जातात. मला त्या संध्याकाळी आवडतात. ज्याला फक्त उडवायचं आहे त्याला त्या आवडाव्यात असा आग्रह नाही.

हवेतला स्वभावही वेगळा. बिनशेपटीच्या विंगचं नाक स्थिर राहावं म्हणून तिच्या पंखाच्या छेदाची मागची कड किंचित वर वळवलेली असते. मार्टिन हेपर्ले यांचा एमएच ४५ हा अशा विंगसाठी खूप वापरला गेलेला छेद. या वळणामुळे पंखाची कमाल उचल घटते, म्हणून विंगला हळू उडणं जमत नाही. तिला वारा हवा. चांगला वारा असला की ती मस्त पळते, उलटीपालटी होते, जोरात वळते. वारा मंदावला की शेपटीवाला बाल्साचा ग्लायडर धारेसमोर निवांत घिरट्या घालत असतो आणि विंग पायथ्याकडे निघालेली असते. हे मी मोजलेलं नाही, पण दोन्ही बरोबर नेली त्या दिवशी विंग आधी पिशवीत जायची, हे नेहमीचंच झालं होतं.

तरी एवढ्यावर मी निवड केली नसती. वाऱ्याच्या दिवशी विंग उडवावी, मंद दिवशी बाल्सा, असं दोन्ही ठेवता आलं असतं. माझ्यासाठी निकाल लावला तो पंखाच्या पिळाने.

ईपीपीचा पंख आपला आकार लक्षात ठेवत नाही. गाडीच्या मागच्या सीटवर उन्हात पडला, भिंतीला तिरका टेकून राहिला, एखादं टोक जमिनीला लागून उतरला, की त्याला थोडा पीळ पडतो. फोम ताठ राहतो तो वरच्या टेपांच्या जिवावर, आणि उष्णतेत टेपेचा गोंद हळूच सरकतो. फिल्मला इस्त्री करून, पंख उलट्या बाजूला पिळून धरला तर तो सरळ होतो. काही काळ सरळ राहतोही. मग एक दिवस धारेवर पोचून विंग मागून डोळ्यासमोर धरावी, तर एका बाजूची ट्रेलिंग एज (पंखाची मागची कड) दुसरीपेक्षा वेगळ्या रेषेत.

शेपटीवाल्या ग्लायडरला असा थोडा पीळ पडला तर तो एका अंगाला कलतो, रिमोटवरच्या ट्रिमच्या (नियंत्रण किंचित सरकवून ठेवायच्या बटणाच्या) दोनचार टिकटिकींत काम होतं. मागे वळलेल्या विंगचं तसं नाही. तिची टोकं गुरुत्वमध्याच्या मागे असतात आणि शेपटीचं काम तीच करतात. उजव्या टोकाचा वॉशआउट (टोकाची मागची कड वर ठेवणारा मुद्दाम दिलेला पीळ) कमी झाला तर विंग डावीकडे कलते आणि शिवाय नाक खाली घालते. म्हणजे एका बारीक पिळाने दोन्ही ट्रिम बिघडतात. त्यातून एलेव्हॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) कलवणं आणि नाक वरखाली करणं ही दोन्ही कामं एकदम करत असल्यामुळे एक दुरुस्त करताना दुसरीकडे लक्ष ठेवावं लागतं.

वेगाचा आणखी एक घोळ असतो. पीळ झाकायला उजवा एलेव्हॉन थोडा वर उचलून ठेवला, की वेग वाढल्यावर हवा तो खाली दाबते आणि मऊ पंख एलेव्हॉनच्या उलट दिशेला पिळला जातो. त्यामुळे संथ उडताना जमलेली ट्रिम सूर मारताना पुरत नाही. कडक पंखातही हा परिणाम असतोच, पण एवढ्या वेगांत तो हाताला लागत नाही. फोममध्ये तो मला प्रत्येक सुरात लागायचा.

अनुभवी माणूस म्हणेल, यात काय, अंगठा आपोआप सावरतो. सावरतो हे खरं. पण उतारावर ग्लायडर फेकल्यानंतरचे पहिले दोन-तीन सेकंद आठवा. एक हात नुकताच मोकळा झालेला, ग्लायडर धारेजवळ, वेग पुरेसा नाही, आणि तो डावीकडे कलून नाक खाली घालतोय. मैदानावर अशा वेळी खाली गवत असतं. इथे बाजूला कडा असतो. ट्रिमची खात्री नसताना फेकणं हा दर वेळचा छोटा ताण होता आणि त्याची सवय मला कधीच झाली नाही.

नवशिक्याला हा त्रास अधिक जाचतो असं मला वाटतं, आणि इथेच मी त्या जगप्रसिद्ध सल्ल्यापासून वेगळा होतो. शिकणाऱ्याला कळतच नाही की ग्लायडर वाकडा जातोय तो हाताने की पंखाने. मागच्या खेपेला जे जमलं ते या खेपेला जमत नाही आणि कारण सापडत नाही. विमान न मोडणं महत्त्वाचं आहेच, पण त्याचा स्वभाव आज जो आहे तोच पुढच्या खेपेलाही असणं मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. माझ्या बाल्साच्या ग्लायडरची ट्रिम एकदा बसली ती बसली. अधल्यामधल्या कित्येक महिन्यांनी काढला तरी पहिल्या फेकीला तो सरळ गेला. त्यानंतर जे काही चुकलं ते माझ्या अंगठ्याचं, आणि तिथूनच सुधारणा होऊ लागते.

आता बाल्साची दुसरी बाजू. तो मोडतो. दगडावर उतरला तर फिल्म फाटते, रिब चिरते, आणि जोरात नाकावर आला तर त्या दिवसाचं उडणं संपलंच. पातळ सुपरग्लू आणि फिल्मचा तुकडा बरोबर असला तर किरकोळ जखमा जागेवरच भरता येतात, मोठ्या नाही. ऊन आणि दमटपणा बदलला की कव्हरिंगवर सुरकुत्या येतात, त्यावर इस्त्री फिरवावी लागते. आणि सरसकट ‘बाल्सा पिळत नाही’ असं म्हणणंही चूक ठरेल. नुसत्या उघड्या रिबांवर फिल्म ताणलेला पंख व्यवस्थित पिळतो, कधीकधी फोमपेक्षा वाईट. मी जो बाल्सा म्हणतोय तो डी-बॉक्सचा: लीडिंग एजपासून (पुढच्या कडेपासून) स्पारपर्यंत (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य दांड्यापर्यंत) वरखाली बाल्साच्या पातळ फळ्यांचं शीटिंग आणि वरच्या-खालच्या स्पारमध्ये लाकडाच्या रेषा उभ्या ठेवून बसवलेले तुकडे, म्हणजे वेब. हा बंद खोका एकदा बोर्डावर सरळ चिकटला की पंखाचा आकार कायमचा ठरतो. वर फिल्म सैल पडली तरी आतला सांगाडा हलत नाही. डी-बॉक्सचा कंटाळा असेल तर मग खुशाल फोमकडे वळा, कारण अर्धवट बांधलेल्या बाल्सात दोन्हीकडचे तोटे एकत्र येतात.

उतरण्याच्या बाबतीत बाल्साला वाटतं तितका तोटा नाही. शेपटी असल्यामुळे दोन्ही एलेरॉन (पंखांवरचे हलते भाग) एकदम वर उचलून, इलेव्हेटरने (शेपटीवरच्या हलत्या भागाने) नाक सावरून, ग्लायडरची उचल मारता येते आणि छोट्या जागेत तो टेकवता येतो. विंगवर दोन्ही एलेव्हॉन वर उचलले तर ती नाकच वर घेते. ब्रेक म्हणून त्यांचा उपयोग नाही. म्हणून विंग लांबवर तरंगत जाते आणि शेवटी झुडपात शिरते. ईपीपी असल्यामुळे तिला त्याचं काही वाटत नाही, हा भाग वेगळा. मी बाल्सा हातात घेतल्यापासून उतरण्याची आखणी करायला लागलो: कुठून वळायचं, गुंडाळी कुठे सुरू होते, धारेच्या कडेला उतारावरच, वाऱ्याला तोंड करून टेकवता येईल का. विंग उडवताना हा विचार करायची गरजच पडत नव्हती.

वजन वाढवण्याची सोयही बघा. उतारावरच्या वाऱ्याची मजल मोठी असते. एफ३एफ या उतारावरच्या वेगस्पर्धेच्या नियमांत सेकंदाला ३ मीटरपासून २५ मीटरपर्यंतचा वारा चालतो आणि पंख-शेपटीच्या एकूण क्षेत्रफळाच्या दर चौरस डेसिमीटरला ७५ ग्रॅमपर्यंत भार ठेवता येतो. घरगुती ग्लायडरला ही टोकं गाठायची नाहीत, पण तत्त्व तेच: वारा वाढला की वजन घालायचं. शेपटीवाल्याच्या धडात, बरोबर गुरुत्वमध्यावर, शिशाची किंवा पितळेची कांडी सरकवायची नळी बसवणं सोपं आहे. विंगमध्ये गुरुत्वमध्य पुढेमागे सरकायला फार थोडी मुभा असते, म्हणून खिसा कुठे कापायचा हे फार जपून ठरवावं लागतं.

मग ईपीपी कुणी घ्यावी? ज्याच्या डोंगरावर उतरायला फक्त दगड आणि काटेरी झुडपं आहेत, त्याने. मित्रांच्या विंगांना हवेत धडका देण्याचा कॉम्बॅटचा खेळ ज्याला खेळायचा आहे, त्यानेही. तो खेळ ईपीपीशिवाय होतच नाही. बांधणीत अजिबात रस नसलेल्यानेसुद्धा. या तिघांना मी बाल्सा सुचवणार नाही. त्यांनी एवढंच करावं: पंख टांगून न ठेवता सपाट फळीवर ठेवावा, बंद गाडीत उन्हात सोडू नये, तंतूंची टेप पंखभर ४५ अंशांत तिरकी मारावी आणि दर वेळी फेकण्याआधी मागून दोन्ही ट्रेलिंग एज एका नजरेत पाहाव्यात.

धारेमागे थोडं गवत असेल आणि संध्याकाळचे दोन तास बोर्डासमोर बसणं जाचत नसेल, तर मी बाल्साच्या बाजूने आहे. बांधताना टोकाच्या ट्रेलिंग एजखाली पातळ पट्टी सरकवून थोडा वॉशआउट द्या आणि पंख बोर्डाला टाचलेला असतानाच जितकं जमेल तितकं शीटिंग चिकटवा. बोर्डावरून काढून मग चिकटवलं तर डी-बॉक्स हवा तसा न बसता पडेल तसा बसतो. पंख धडाला नायलॉनच्या बोल्टने जोडा, म्हणजे जोरात आपटल्यावर बोल्ट तुटेल आणि पंख वाचेल. धडाच्या पोटाला पातळ प्लायची पट्टी लावा. शेपूट शक्य तितकी हलकी ठेवा, कारण मागे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात कितीतरी जास्त शिसं भरावं लागतं. आणि लीडिंग एजवर तंतूंची टेप एक पदर मारून घ्या. ईपीपीवाल्यांकडून घेण्यासारखी ही एक गोष्ट नक्की आहे.