जुन्या सीएफएलखाली मेथी-कोथिंबीर: सात महिन्यांनंतर

आमचा फ्लॅट पुण्यात, तळमजल्यावर, खिडक्या उत्तरेला. पावसाळ्यात भरदुपारीही दिवा लावावा लागतो. घरात एलईडी आल्यावर काढलेले २३ वॅटचे तीन सीएफएल कपाटात पडून होते. जूनमध्ये त्यातले दोन मांडणीच्या खालच्या कप्प्यात लावले आणि खाली मेथीचा ट्रे ठेवला.

पहिला ट्रे वाया गेला. दिवे हातभर उंच होते. डोळ्यांना कप्पा लख्ख दिसायचा, पण रोपं दोऱ्यासारखी लांब, फिकट झाली आणि आडवी पडली. दिवा जरा लांब गेला की रोपाला मिळणारा प्रकाश झपाट्याने घटतो, हे तेव्हा कळलं. पुढच्या खेपेला दिवे शेंड्यांपासून चार बोटांवर आणले आणि रोपं वाढतील तसे वर सरकवले. सीएफएल फार तापत नाही म्हणून हे जमतं. तरी पान नळीला टेकलं की करपतं. दिवा उभा टांगू नका. प्रकाश नळ्यांच्या बाजूंनी निघतो, म्हणून आडवा लावा आणि वर पांढरा रंगवलेला पत्रा ठेवा. पाण्याचा फवारा मारताना बटण बंदच हवं.

तेव्हापासून मेथी तीन-साडेतीन आठवड्यांत कापणीला येते. कोथिंबिरीला त्याच्या जवळपास दुप्पट दिवस लागतात, पण वास असा की आई बाजारची जुडी नको म्हणते. मिरचीची रोपं ठेंगणी, दणकट झाली. एक रोप मात्र दिव्याखालीच ठेवलं होतं. त्याला फुलं आली आणि सगळी गळली. फळासाठी एवढा उजेड पुरत नाही.

दिवे ६५०० केल्विनचे, पांढऱ्या उजेडाचे आहेत. टायमरवर रोज १४ तास चालतात, म्हणजे महिन्याला साधारण १९ युनिट.

सप्टेंबरात एक दिवा हातातून निसटून ट्रेवरच फुटला. सीएफएलमध्ये थोडा पारा असतो, म्हणून मुलांना बाहेर पाठवलं, खिडक्या उघडल्या. झाडू फिरवला नाही. काचा पुठ्ठ्याने आणि चिकटपट्टीने उचलून बरणीत बंद केल्या. त्या ट्रेमधली कापायला आलेली मेथी मातीसकट टाकली. जीव हळहळला, पण ती ताटात वाढायची नव्हती.

घरात पडून असतील तर हे दिवे जरूर वापरा, नव्याने विकत मात्र घेऊ नका. तेवढाच उजेड एलईडी कमी विजेत देतो आणि त्यात पारा नसतो. माझ्या एका दिव्याच्या नळीची टोकं काळी पडली आहेत. तो गेला की त्याच होल्डरमध्ये एलईडी लावणार आहे. तोवर रगडलेले धने भिजत घातलेत, उद्या पेरायचे आहेत.