८ इंची डॉब्सोनियन: गावच्या अंगणातून युरेनस-नेपच्यून बघायला कितपत कामाची?

गुरूचे पट्टे आणि शनीची कडी साध्या दुर्बिणीतही दिसतात. खरी परीक्षा त्यांच्या पलीकडे आहे. युरेनस आणि नेपच्यून हे ताऱ्यांसारखे ठिपके नाहीत, गोल बिंब आहेत, हे डोळ्याला पटलं पाहिजे. या कामासाठी आणि तरीही दोन फेऱ्यांत कोठीतून अंगणात आणता येण्यासारखी दुर्बीण म्हणजे ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे फिरत्या लाकडी पाटावर बसवलेली, हाताने ढकलायची आरशाची दुर्बीण. २०३ मिमीचा आरसा, १२०० मिमी फोकल लेन्थ, २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), ८×५० चा फाइंडर (ग्रह शोधायची छोटी दुर्बीण), हा नेहमीचा संच धरून लिहितो आहे.

आरशाबद्दल तक्रार नाही. २५ मिमीने ४८ पट, १० मिमीने १२० पट मिळतात आणि २× बार्लो (मोठेपणा दुप्पट करणारं जोडभिंग) लावली की २४०. युरेनसचं बिंब जेमतेम ३.८ विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). ४८ पटीत तो न लुकलुकणारा फिकट हिरवट तारा वाटतो, १२० पटीत शंका येते, २४० पटीत तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या निम्म्या रुंदीचा होतो आणि शंका संपते. नेपच्यून २.३ विकलांचा, म्हणजे तेवढ्याच पटीत चंद्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमी. रंग निळसर-करडा, फार सौम्य. त्यामुळे बार्लो हा या संचातला पहिला जास्तीचा खर्च, आणि तो टाळू नये. १७८१ च्या मार्चमध्ये विल्यम हर्शेलने युरेनस शोधला तो बाथमधल्या घराच्या बागेतून, स्वतः घासलेल्या सहा इंचांच्या आसपासच्या आरशाने. आजचा ८ इंची आरसा त्याच्या धातूच्या आरशापेक्षा कितीतरी जास्त उजेड परत देतो. प्लुटो मात्र या दुर्बिणीकडून मागू नये.

विदर्भात एक अडचण खास आपली आहे. आपण साधारण २०-२१ अंश उत्तर अक्षांशावर. २०२६ च्या नोव्हेंबरअखेरीस युरेनस कृत्तिका आणि रोहिणी यांच्या मधल्या पट्ट्यात असेल आणि मध्यरात्री जवळपास थेट डोक्यावरून जाईल. हवेचा थर तिथे सगळ्यात पातळ, म्हणून चित्र उत्तम. पण डॉब्सोनियन नेमकी तिथेच अडते: नळी उभी झाली की बाजूला ढकलायला तरफ उरत नाही, ग्रह बाजूला सरकतो आणि अख्खा बैठा पाट गरगर फिरवावा लागतो. म्हणून ग्रह माथ्यावर यायच्या तास-दीड तास आधी किंवा नंतर बघा. २४० पटीत ग्रह पन्नासेक सेकंदांत दृश्यातून निघून जातो, त्यामुळे नळीचा तोल आणि पाटाखालच्या टेफ्लॉनची सरक यांवर सगळं अवलंबून आहे. तळाचा मधला बोल्ट फार आवळला तर दुर्बीण झटके देते. आधी पूर्ण सैल करा, मग पाव-पाव फेरी आवळत हलकी, एकसारखी सरक आली की थांबा.

फाइंडर सरळ नळीचा असेल तर बदलाच. माथ्याजवळचा ग्रह शोधताना त्यात बघायला मान उलटी मोडावी लागते, शिवाय चित्र उलटं दिसत असल्याने नकाशा जुळत नाही. काटकोनी, सुलट चित्र देणारा फाइंडर घ्या. नुसत्या लाल ठिपक्याच्या फाइंडरने नेपच्यून सापडत नाही, कारण त्याची प्रत (तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) ७.८ आणि तो उघड्या डोळ्यांना दिसतच नाही. २०२६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तो मीन राशीत, शनीच्या पश्चिमेला काही अंशांवर आहे. आठव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा नकाशा ठेवा आणि एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी घेत जा. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये काठावर आली होती, ती अजून अरुंद आहेत. कड्यांमधली काळी कॅसिनी फट दिसली नाही म्हणून दुर्बिणीला दोष देऊ नका.

चित्र खवळलेलं दिसलं तर दहापैकी आठ वेळा कारण उष्णता असते. खोलीतून बाहेर काढलेला ८ इंची आरसा निवायला पाऊण ते एक तास घेतो. आरशामागे संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा लावला की वेळ निम्म्यावर येतो. त्याला फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी पुरून उरते, मात्र ग्रह बघताना पंखा थरथर देत असेल तर बंद करा. दिवसभर तापलेला स्लॅब आणि टिनाचं छप्पर यांच्यावरून कधीच बघू नका. सारवलेलं अंगण किंवा वावराचा मोकळा कोपरा केव्हाही बरा.

दुसरं कारण कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत नसणं. खाचखळग्यांच्या रस्त्याने नळी नेली की आरसे सरकतात. मधोमध भोक असलेली टोपी आयपीसच्या जागी लावा. पुढच्या छोट्या आरशाचे तीन स्क्रू ॲलन कीने फिरवून मोठ्या आरशाचं पूर्ण वर्तुळ मध्ये आणा, मग मागचे तीन नॉब फिरवून आरशावरची मधली खूण टोपीच्या भोकाच्या प्रतिबिंबात बसवा. शेवटी ध्रुवतारा १२० पटीत किंचित फोकसबाहेर करा. ताऱ्याभोवतीची कडी एककेंद्री दिसली की झालं. ध्रुव जागचा हलत नाही, म्हणून एकट्यानेही हे जमतं.

सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे पाट. तो भुशाच्या दाबीव फळीचा असतो आणि उघड्या कडेतून दव शिरलं की फुगतो, मग फिरताना घासतो. आणल्याबरोबर सगळ्या कडांना आणि स्क्रूच्या भोकांना ऑइलपेंटचे दोन हात द्या, आणि ओल्या मातीवर ठेवताना खाली तीन विटा घ्या.

सोयाबीनच्या मळणीची धूळ ऑक्टोबरात सगळीकडे असते. खळ्याजवळ दुर्बीण मांडू नका. आरशावर बसलेली धूळ कापडाने पुसू तर मुळीच नका, मुलामा ओरखडतो. थोड्या धुळीने चित्र बिघडत नाही. फारच झाली तर आरसा काढून आधी साध्या पाण्याची धार, मग बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी, आणि उभा करून वाळवणं. पावसाळ्यात आयपीस घट्ट डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते. नळीची दोन्ही टोकं आणि फोकसरचं भोक बंद ठेवा. कुंभारमाशीला नळीचा अंधार फार आवडतो, आणि तिचं मातीचं घर आरशावर पडलं तर ओरखडा कायमचा.