वीस वर्षांचा अनुभव, कुणाचा तरी

कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला गेलो आणि माझे नि मित्राचे मिळून 13,000 डॉलर गेले. लायसन्स, विमान, भाड्याचा ट्रक हे वेगळं. एल्क मिळाला नाही याचं दुःख नाही. कोलोरॅडोत एल्कच्या मागे जाणारे बहुतेक लोक रिकाम्या हातानेच परततात. आम्ही पैसे मोजले होते ते गाइडसाठी, आणि गाइड म्हणून जो समोर आला त्याला तो डोंगर आमच्याइतकाच नवा होता.

मी डॅलसजवळ राहतो. आजोबा आजऱ्याकडचे. 1972 चा कायदा येईपर्यंत रानडुकराच्या हाक्याला जायचे, आणि त्या गोष्टी ऐकत मी वाढलो. इथे नागरिकत्व मिळाल्यावर शिकारीचा कोर्स केला, टेक्सासच्या ऑफिसमधल्या मित्राबरोबर दोन-तीनदा हरणांना गेलो. आईला यातलं काही माहीत नाही, तिच्या लेखी मी ‘कॅम्पिंगला’ जातो. टेक्सासातली शिकार म्हणजे मचाणावर बसायचं आणि मक्याच्या दाण्यांवर हरीण येण्याची वाट बघायची. एल्कचं तसं नाही. सांबराचा हा दांडगा भाऊबंद, नर सहज तीनशे किलोच्या पुढे जातो आणि दहा हजार फुटांवर राहतो. एकट्याने मारलाच, तर तो खाली आणायचा कसा? म्हणून आउटफिटर लागतो. तंबू, घोडे, जेवणखाण, गाइड, आणि मारलेलं जनावर गाडीपर्यंत पोचवणं, असं सगळं तो बघतो.

आम्ही 2022 च्या नोव्हेंबरातला तिसरा रायफल सीझन धरला, कारण त्यात नराचं लायसन्स लॉटरीशिवाय मिळत होतं. बाकीचे आउटफिटर आठ-नऊ हजार सांगत होते. हा 6,500 म्हणाला. फोनवर आवाज असा, की जणू गावाकडचा काका बोलतोय. ‘माझे गाइड वीस वर्षं याच डोंगरात आहेत,’ हे वाक्य त्याने तीनदा तरी म्हटलं. आधीच्या गिऱ्हाइकांचे तीन नंबर दिले. तिघांनीही तोंड भरून कौतुक केलं. तिघांच्याही बोलण्यात ‘घरच्यासारखी माणसं’ आलं, तेव्हा कान टवकारायला हवे होते.

जाहिरातीतले फोटोही आता आठवतात. पिवळ्या पानांच्या ॲस्पेनच्या रानात मान वर करून ओरडणारा नर. नराचं हे बोलावणं असतं सप्टेंबरातलं, माजाच्या दिवसातलं. नोव्हेंबरात ॲस्पेनवर पान राहत नाही आणि नर गप्प असतात. फोटो खरे असतीलही, पण आम्ही विकत घेत होतो त्या आठवड्याचे नव्हते.

कोलोरॅडोत आउटफिटरला राज्याकडे नोंदणी करावी लागते, 10,000 डॉलरचा बाँड, म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान झालं तर भरपाईची हमी, ठेवावा लागतो आणि गिऱ्हाइकाशी लेखी करार करावा लागतो. याने नोंदणी क्रमांक पाठवला होता. मी तो वाचला, ‘चला, सरकारदरबारी नोंद आहे’ म्हणालो आणि तिथेच थांबलो. राज्याच्या साइटवर तो क्रमांक टाकून बघणं दोन मिनिटांचं काम होतं. भाजी घेताना चार जुड्या उलटून बघणारा माणूस मी! कराराच्या जागी एक ईमेल आला. निम्मे पैसे ‘झेल’ (Zelle) या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीने पाठवले, म्हणजे एकदा गेले की गेले. क्रेडिट कार्ड चालेल का विचारलं तर म्हणाला, कार्डाचे तीन टक्के उगाच कशाला भरता. आमचंच हित बघत होता.

डेन्व्हरहून मीकरला, म्हणजे आमची शिकार जिथून सुरू व्हायची त्या गावाला, जाताना वाटेत ‘रायफल’ नावाचं गाव लागतं. मित्राने पाटीसमोर फोटो काढून घेतला. त्या सहलीतला चांगला म्हणावा असा तेवढाच.

मीकरच्या पेट्रोल पंपावर मालकाने उरलेले पैसे रोख मोजून घेतले आणि गाइडशी ओळख करून दिली. बाविशीतला पोरगा, कोरे करकरीत बूट. घोडे? ‘खालच्या कॅम्पला अडकलेत, उद्या येतील.’ मालक निघून गेला तो पुन्हा दिसला नाही. घोडेही नाहीत.

पहिल्या पहाटे अंधारात निघालो. पोरगा फोनमधल्या नकाशावर बोट फिरवत पुढे. डोंगरात पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते आणि ऊन चढलं की वर. आजोबा चिमूटभर राख सोडून वारं बघायचे, मी खिशातली टाल्कम पावडरची बाटली दाबली. पावडर आमच्या पाठीकडून निघून थेट खालच्या कुरणाकडे गेली, म्हणजे जिथे एल्क असायला हवेत बरोबर तिथे. मी त्याला म्हटलं, वारं त्यांच्याकडे जातंय. तो म्हणाला, ‘ते लांब आहेत, चालेल.’ अर्ध्या तासाने कुरणात पोचलो तर बर्फावर ताजे खूर, लेंड्यांमधून अजून वाफ निघत होती, आणि कळप कधीच पलीकडच्या रानात गेलेला.

दुसऱ्या संध्याकाळचं आठवलं की अजून पोटात गोळा येतो. उजेड जायला थोडाच वेळ होता. तीनशे यार्डांवर एक नर झाडीतून बाहेर आला. पोरगा कानाशी पुटपुटायला लागला, ‘मार, मार, मार.’ माझी रायफल काठीवर टेकलेली, सेफ्टी काढलेली. मित्र दुर्बिणीतून शिंगं मोजत होता. तिथल्या बऱ्याच भागांत नियम असा आहे, की एका शिंगाला निदान चार टोकं हवीत, नाहीतर कपाळालगतचं टोक पाच इंचांचं तरी हवं. मित्र हळूच म्हणाला, ‘मला तीनच दिसतायत.’ मी पोराला विचारलं, चार आहेत का? त्याने विचारलं, ‘चार का लागतात?’

मी बोट चापावरून काढलं. नर आमच्याकडे बघत उभा राहिला आणि निवांत आत गेला. मारला असता तर दंड माझ्या नावावर आला असता, लायसन्सही धोक्यात आलं असतं. गाइडने सांगितलं म्हणून मारला, हे तिथे कुणी ऐकून घेत नाही.

रात्री स्टोव्हजवळ पोरगा बोलता झाला. शेजारच्या राज्यातला. ऑनलाइन जाहिरात बघून आला, दिवसाला शंभर डॉलर आणि टिप असं ठरलं होतं. कोलोरॅडोत तीन आठवडे झाले होते, एल्क पहिल्यांदा बघितला तो इथेच. वीस वर्षं डोंगरात असलेले गाइड खरंच होते म्हणे, पण मालकाने पगार थकवला तसे ते दोन हंगामांपूर्वी दुसरीकडे गेले. जाहिरातीतली वीस वर्षं मात्र गेली नाहीत.

माझ्या डोक्यात यातलं हेच जास्त बसलंय. आउटफिटर किती जुना हे सगळे विचारतात. आपल्याबरोबर पहाटे चारला कोण चालणार, हे कुणी विचारत नाही. माँटाना, आयडाहो, वायोमिंगमध्ये गाइडला स्वतःचं लायसन्स लागतं. कोलोरॅडोत नोंदणी आउटफिटरची, गाइडची वेगळी नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी गाइडचं नाव घ्या आणि त्याच्याशीच फोनवर बोला. या भागात किती हंगाम केलेस, सकाळचं वारं कुठून येतं, मारलेलं जनावर मागच्या वेळी कसं खाली आणलंस, हे विचारा. खरा माणूस या प्रश्नांवर खुलतो आणि मग फोन ठेवत नाही. आणि गिऱ्हाइकांचे नंबर मागायचे तर ज्यांना एल्क मिळाला नाही त्यांचे मागा.

तिसऱ्या दिवशी वनखात्याचा अधिकारी कॅम्पवर आला आणि परमिट मागितलं. राष्ट्रीय वनात धंदा करायचा तर वनखात्याची वेगळी परवानगी लागते, राज्याची नोंदणी पुरत नाही. पोराने मालकाला फोन लावायला खाली उतरून रेंज शोधली, फोन बंद. दुपारी तंबू आम्हीच उतरवले.

घरी येऊन तक्रार केली तेव्हा कळलं, की तो क्रमांक भलत्याच आउटफिटरचा होता. याची नोंदणीच नाही, मग बाँड कुठला? लहान दाव्यांच्या कोर्टात 7,500 पर्यंत दावा लावता येतो, आम्ही प्रत्येकी लावणार होतो. पण समन्स पाठवायचं कुठे? दिलेला पत्ता टपालपेट्या भाड्याने देणाऱ्या दुकानाचा निघाला.

निघताना पोराला दोनशे डॉलर दिले. मित्र चिडला, पण त्या पोराचेही तीन आठवड्यांचे पैसे बुडालेच होते.

फेब्रुवारीत मालकाचा मेसेज आला. झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं, कुणी चौकशीचा फोन केला तर चार चांगले शब्द सांगा, प्रत्येकी पाचशे परत करतो. ‘घरच्यासारखी माणसं’ कुठून आली ते तेव्हा उमगलं. मी उत्तर दिलं नाही. त्याने माझा नंबर तरीही दिला असावा, कारण मार्चमध्ये मिनेसोटाहून एका गृहस्थाचा फोन आला. बापलेक दोघं जाणार होते. संकोचत विचारलं, ‘त्यांचे गाइड कसे आहेत?’

मी गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि विचारलं, तुमच्याकडे अर्धा तास आहे का?